पहिली चिमूट चौधरीची

मुलतानात बोहड दरवाज्याशी सोहन हलव्याची दुकानं पैशाला पासरी. पण हलवा उतरवायचा की नाही हे पोपटाला विचारून ठरवणारं दुकान एकच, खुशी महंमदचं. पोपटाचं नाव चौधरी. खांद्यावर तांबडा डाग, गळ्यात काळा-गुलाबी पट्टा आणि सुपारी सहज फोडील अशी चोच. बावीस वर्षं तो गल्ल्याच्या वर टांगलेल्या पिंजऱ्यातून आख्ख्या बाजाराला दम देत आला होता, आणि बाजारानेही तो मुकाट ऐकून घेतला होता.

हलव्याचा विधी ठरलेला असे. खुशी महंमदचा मुलगा मुनव्वर चार-पाच तास कढई ढवळी. चाळिशी गाठली तरी बापाच्या लेखी तो अजून 'पोरगा'च होता. ढवळता ढवळता तो उलथनं कढईच्या काठावर तीनदा वाजवी. म्हणजे, अब्बा, या. मग खुशी महंमद उठे, दोन बोटं पाण्याच्या वाडग्यात बुडवी आणि त्याच ओल्या बोटांनी रटरटत्या कढईतून चिमूटभर हलवा उचली. नवख्याने हे करून बघावं आणि आठ दिवस बोटं फुंकत बसावं. चिमूट मळायची, दाबायची, निवली की चौधरीच्या चोचीत द्यायची. चौधरी डोळे मिटून चघळे आणि मान वाकवी. बोटाला उरलेला चिकटा खुशी महंमद त्याच्या मानेवरून फिरवी. त्यात खाजवणंही होई आणि बोट पुसणंही. मग चौधरी बाजारभर ओरडे, "वाह साईं, वाह!"

हे शब्द चौधरीला कोणी शिकवले, हे विचारायची गरज नाही. खुशी महंमदने स्वतःच. स्वतःची तारीफ स्वतःच्या तोंडाने बरी दिसत नाही, म्हणून माणसाने पोपट पाळला.

आणि बोटांचा गर्व तरी किती! "यंत्र खोटं बोलेल, माझं बोट नाही बोलणार," हे वाक्य दिवसातून चारदा. मुनव्वरने एकदा चिमूट बघायला हात पुढे केला होता, लग्न व्हायच्या आधी. बापाने त्या हातावर उलथन्याचा दांडा मारला. "तू ढवळ. तुझ्या बोटांना काय कळतंय!" मुनव्वर ढवळत राहिला.

त्या वर्षी श्रावणातल्या चिकट उकाड्यात चौधरीच्या मानेची पिसं गळायला लागली. आधी कवडीएवढा चट्टा, मग दोन कवड्यांएवढा. कातडी लाल, तिच्यावर पांढरट खपल्या, आणि जवळ गेलं की शिळ्या पावासारखा आंबूस वास. चौधरी मान गजांवर घासे. दम देणं बंद झालं. एके दिवशी चिमूट चोचीत घेऊन त्याने ती तशीच खाली टाकली, आणि "वाह" आलंच नाही.

बाजाराला तेवढं पुरे होतं. "चाचा, तूप बदललंत वाटतं? चौधरी बोलेना!" समोरचा कापडवाला म्हणाला. दुसऱ्या दिवशी एक बाई पुडा हातात घेऊन पिंजऱ्याकडे बघत राहिली आणि पुडा ठेवून निघून गेली. खुशी महंमदला पुड्याचं काही वाटलं नाही. पण दुपारी पिंजरा उतरवून चौधरीला मांडीवर घेतलं तेव्हा त्याच्या छातीचं हाड हाताला लागलं. बायको गेल्यापासून सकाळी खुशी महंमदला नावाने हाक मारणारं एवढंच एक तोंड उरलं होतं.

कोपऱ्यावर उस्ताद फज्जा पक्षी विकतो. त्याने चौधरीला उलटासुलटा करून निकाल दिला, "स्वतःच उपटतोय. एकटा आहे ना! बावीस वर्षं ब्रह्मचारी ठेवलात, साईं, आता काय टाळ्या पिटेल?" मोहरीच्या तेलात गंधक आणि हळद घालून त्याने मलम करून दिलं. खुशी महंमदने आठ दिवस ते इमानेइतबारे चोपडलं. चौधरी डोक्यापासून शेपटीपर्यंत तेलकट, पिवळा आणि केविलवाणा झाला. चट्टा मात्र पसरत पसरत कानापर्यंत आला.

तेव्हा कुठे मुनव्वर कढईमागून बोलला, "अब्बा, टायरवाल्याच्या माडीवर एक डॉक्टर बसते. पक्ष्यांचं बघते म्हणे."

"बाई?"

"चौधरीला चालेल. तुम्हाला नाही चाललं तर डोळे मिटून बसा."

डॉक्टर अर्जुमंद पस्तिशीची होती आणि बोलायला कात्रीसारखी. कापड बाजूला करून तिने चौधरीकडे पाहिलं, मग खुशी महंमदकडे.

"चाचा, हा दाखवायला आणलाय की तळायला?"

"उस्ताद फज्जाचं औषध आहे, बीबी. तो पक्ष्यांची नस न् नस ओळखतो."

"पिसं ओळखत नाही. तेलाने पिसं चिकटली की पक्ष्याच्या अंगात ऊब राहत नाही. शिवाय तो तेच चाटतो. आजार मानेवर होता, तुम्ही तो पोटातही घातलात." तिने चौधरीला टॉवेलात गुंडाळून अलगद डोकं तेवढं बाहेर काढलं. "आणि स्वतः उपटतोय असं कोण म्हणालं?"

"उस्ताद."

"उस्तादांना सांगा, स्वतःच्या दाताने स्वतःचा कान चावून दाखवा. पोपटाची चोच स्वतःच्या मानेमागे पोचते का? जो पोपट स्वतःला उपटतो, त्याची छाती उघडी पडते, पाय उघडे पडतात, डोकं मात्र नवरदेवासारखं शाबूत राहतं. याचं नेमकं उलटं आहे."

बावीस वर्षं पोपट पाळून ही एवढी सरळ गोष्ट आपल्या ध्यानात कशी आली नाही, याचा खुशी महंमदला रागच आला. आणि राग आला की त्याला समोरचं माणूस आवडायला लागे.

तिने बोथट पात्याने मानेवरची खपली खरवडली, काचेवर पसरली, वर निळा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. "या, बघा."

त्याने एक डोळा मिटून पाहिलं. साबुदाण्याला साबुदाणा चिकटावा तसे दाणे, एकाला एक फुटलेले.

"हे काय?"

"बुरशी. साखर, ओल आणि उकाडा मिळाला की ही मंडळी बाळसं धरतात. काय खातो हा?"

"हलवा," खुशी महंमद छाती काढून म्हणाला, आणि म्हणता म्हणताच छाती आत गेली.

"बंद. आजपासून एक कणही नाही. धान्य, पालेभाजी, हिरवी मिरची, कच्चा पेरू. हे औषध दिवसातून दोनदा, मोजून, चोचीच्या कडेने. हे पाण्यात घालून मान धुवायची आणि दाबून कोरडी करायची. पिंजऱ्यातली लाकडं जाळा, पेरूची ताजी फांदी लावा. सकाळचं ऊन द्या. आणि एक ऐका, चट्टा दिसेनासा झाला म्हणून औषध सोडायचं नाही. एक महिना म्हणजे एक महिना."

"बरा होईल?"

"होईल," ती म्हणाली. पुढे 'इन्शाअल्ला'सुद्धा जोडलं नाही तिने, इतकी खात्री. मग त्याचा चेहरा बघून जोडलं.

खुशी महंमदने औषध असं केलं की नमाज चुकेल पण थेंब चुकणार नाही. चौधरी सुरुवातीला जवळ येणाऱ्या प्रत्येकाला चावला. मान धुताना मुनव्वर धरी, बाप दुरून पाणी सोडी, आणि दोघांची अंगं चौधरीच्या शिव्यांनी न्हाऊन निघत. बाराव्या दिवशी वास गेला. अठराव्या दिवशी खपल्या गेल्या. विसाव्या दिवशी मानेवर बारीक काटे फुटले, नव्या पिसांचे. खुशी महंमदने कापडवाल्याला हाताला धरून आणलं आणि ते काटे मोजायला लावले. त्या दिवशी चौधरी गजांशी आला, मान वाकवली आणि डोळे मिटले. खाजव म्हणाला. खुशी महंमदने लगेच बोट पुढे केलं. हलवा बंद होता, पण मान खाजवायला डॉक्टरीण नको म्हणाली नव्हती. कढई बघून परत येताना तो दर खेपेला चौधरीच्या मानेवरून बोट फिरवू लागला.

पंचविसाव्या दिवशी काटे गळले. चट्टा परत आला, त्याच जागी, अगदी बोटाच्या रुंदीचा.

खुशी महंमद माडीचे जिने दाणदाण चढला. "बीबी, तुझी काच खोटी, तुझं औषध खोटं! एक थेंब चुकलो असेन तर माझ्या तोंडात माती! फज्जाच्या तेलाने निदान चकाकत तरी होता!"

अर्जुमंद चिडली नाही. तिने औषधाची बाटली उजेडात धरून पाहिली. बरोबर पाच दिवसांपुरतीच उरली होती. खायला काय दिलं, विचारलं. लाकडं जाळली का, विचारलं. सगळं जिथल्या तिथे. मग तिने चौधरीची मान पुन्हा खरवडली आणि काचेखाली तेच दाणे पाहिले. एवढ्यात टॉवेलातल्या चौधरीने मालकाकडे बघून मान वाकवली, आणि खुशी महंमदचं बोट आपसूक गजाशी जावं तसं पुढे आलं.

"थांबा. हात दाखवा."

"माझा?"

"तुमचाच. तो उजवा."

त्याने मोठ्या अभिमानाने हात पुढे केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. बोटांच्या टोकांची कातडी धुण्यात राहिल्यासारखी पांढरी सुरकुतलेली. दोन नखांच्या कडा सुजलेल्या, खाली हिरवट काळसर. तर्जनीचं नख अर्धं उचललेलं.

"हे कधीपासून?"

"हे?" तो हसला. "ही हलवायाची निशाणी आहे, बीबी. पाण्यात बोट, पाकात बोट, चाळीस वर्षं. माझ्या बापाचं पण असंच होतं. असं नख नसेल तर समजावं, गडी कामचुकार आहे."

अर्जुमंदने नखाची कड खरवडली. काच, निळा थेंब, सूक्ष्मदर्शक. स्वतः पाहिलं आणि खुर्ची सरकवून दिली. "बघा. आता तुम्हीच सांगा."

साबुदाण्याला साबुदाणा. एकाला एक फुटलेला.

"ही चौधरीची काच आहे ना?" खुशी महंमदने विचारलं.

"तुमची आहे."

खाली टायरवाला लोखंडावर हातोडा मारत होता. खुशी महंमदने डोळा काढून पुन्हा लावला, जणू दुसऱ्यांदा दाणे लाजून निघून जातील. सबंध मुलतान पालथं घालून नजर, तेल, तूप, उकाडा सगळ्यांना बोल लावून झाले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि कळसा तरी कसला, ज्याचा तो दिवसातून चारदा डंका पिटायचा तोच हात.

"कढईत पडतं ते उकळतं, त्याची काळजी नाही," अर्जुमंद आता मऊ आवाजात म्हणाली. "पण दर चिमटीनंतर तुम्ही हेच बोट त्याच्या मानेला पुसत असणार, आत्ता पुढे आलं तसं. तरणा होता तोवर चाललं, आता या वयात आणि या उकाड्यात त्याला झेपत नाही. मी त्याला बरं करते, तुम्ही पुन्हा देता. प्रेमाने देता, एवढंच."

"मग मलाही औषध दे."

"मी जनावरांची डॉक्टर आहे, चाचा."

"मग मी काय कमी जनावर आहे? बावीस वर्षं मुक्या जिवाच्या मानेला..." 

तिने त्वचेच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी देताना म्हणाली, "औषध ते देतील, पण खरी गोष्ट आधीच सांगते. सहा आठवडे हा हात कोरडा हवा. पाणी नाही, पाक नाही, कढई नाही. नाहीतर चौधरी दुसऱ्या कुणाला देऊन टाका. दोन्ही सांभाळता येणार नाहीत. आणि तो आता किती हलका झालाय, हे तुम्ही रोज हातात धरून बघताच. तिसऱ्यांदा हे झेपेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही."

"रबरी मोजे घालून चिमूट काढली तर?"

"कळेल बोटाला?"

खुशी महंमदने तरीही परतताना रबरी मोजे विकत घेतले.

दोन दिवस तो मोजे घालून बसला. चिमूट काढली, पण पाकाची तार बोटाला कळेना. रबर भाजून बोटाला चिकटलं. तिसऱ्या दिवशी मुनव्वरने काठावर तीनदा उलथनं वाजवलं. खुशी महंमद सवयीने उठला, वाडग्याकडे वळला, आणि वाटेत पिंजरा आला. चौधरी गजांशी सरकला. त्याने ती उघडी, लाल, चिरलेली मान वाकवली आणि डोळे मिटून वाट बघत राहिला. ज्या बोटाने त्याची ही दशा केली, तेच बोट मागत होता.

खुशी महंमदने हात खिशात घातला. पुरा कोपरापर्यंत जाईल तर बरं, असा घातला.

"मुनव्वर," तो म्हणाला. "तूच उतरव."

"चिमूट?"

"तूच बघ. सहा आठवडे. मी तिथे बघणारही नाही."

मुनव्वरने वाडग्याला हातच लावला नाही. उलथनं एकदा आडवं फिरवलं, कान जरा कढईकडे कलता केला, आणि कढई उतरवली.

"अरे, बोट नाही घातलंस?" बाप कळवळला.

"वीस वर्षं ढवळतोय, अब्बा. तयार झाला की आवाज बदलतो. आधी बुडबुड करतो, मग पचपच करतो, मग एकदम गप्प होतो. आणि उलथनं जड होतं."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत. मी नुसतं वाजवून सांगत होतो."

खुशी महंमद गल्ल्यावर जाऊन बसला. नखाला औषध लावून, बोटांना कोरडी पट्टी बांधून, हात नव्या नवरीसारखा मांडीवर ठेवून. कापडवाला येऊन हसला, "काय चाचा, मेंदी लावलीत?" त्याला त्याने दिलेला जबाब इथे लिहिण्यासारखा नाही. पण मनात एकच हिशेब चालला होता. वीस वर्षं पोरगं तीनदा वाजवतं, आपण उठून चिमूट काढतो. त्यात 'अजून ढवळ' असं आपण कितीदा म्हणालो? त्याने खूप आठवून पाहिलं. एकदाही नाही.

सहा आठवडे फार लांब असतात. खुशी महंमदने चौधरीला औषध पाजलं ते डाव्या हाताने आणि तेही नळीतून. चौधरी मान वाकवी तेव्हा तो त्याला शिव्या घाली, गोष्टी सांगे, बाजारातल्या लोकांची निंदा ऐकवी, पण हात मांडीवरचा हलवत नसे. मान खाजवायला पेरूची एक बारीक काडी ठेवली, ती रोज नवी तोडायची. चौधरीने पहिल्या काडीचे तीन तुकडे केले. चौथ्या दिवशी चालवून घेतलं. चौथ्या आठवड्यात काटे फुटले, पाचव्यात त्यांची टरफलं झडून हिरवी पिसं उघडली. हवेतली ओल गेली, सकाळी गोधडी लागायला लागली. अर्जुमंदने दोघांना समोरासमोर बसवून दोन काचा तयार केल्या. आधी एक पाहिली, मग दुसरी.

"पोपट साफ," ती म्हणाली. "मालकही साफ. नख यायला वेळ लागेल, पण येईल. नखाचा शेवटचा शब्द मात्र तुमच्या डॉक्टरांचा."

"मग उद्यापासून कढईत..."

"चाचा."

"विचारलं नुसतं," खुशी महंमद म्हणाला.

त्या दिवशी दुकानात बरीच गर्दी होती. कापडवालाही उगाचच आला होता. मुनव्वरने काठावर तीनदा उलथनं वाजवलं. सगळ्यांनी माना वर केल्या, पिंजऱ्याकडे. चौधरी मात्र खुशी महंमदकडे बघत होता. चिमूट येईल, असं. चिमूट आता कधीच येणार नव्हती. डॉक्टरीणबाईंचा तो हुकूम जन्मभराचा होता.

खुशी महंमद उठला. मुनव्वरने पळीवर थोडा हलवा काढून समोर धरला. म्हाताऱ्याने तो निववला, तोंडात टाकला आणि चघळला. खोट काढायची त्याची फार इच्छा होती. पोराला कमी लेखायची वीस वर्षांची सवय. साखर बघितली, तूप बघितलं, दातांखाली तुटतो कसा तेही बघितलं. मुनव्वर उलथनं धरून उभा होता, खाली बघत. हातावर दांडा बसायची वाट बघत असल्यासारखा.

"वाह साईं," खुशी महंमद म्हणाला. मग जरा मोठ्याने पुन्हा म्हणाला, "वाह!"

मुनव्वरने मान वर केली. त्याला वाटलं, पोपट बोलला.

आणि तेवढ्यात पोपटही बोलला. तीन महिन्यांची धूळ झटकून, बाजारभर ऐकू जाईल असा, एकदा नाही, लागोपाठ चारदा. गिऱ्हाइकं हसत पुढे सरकली. खुशी महंमद पिंजऱ्याशी गेला. चौधरीने गजांशी येऊन मान वाकवली, हिरवीगार, नवी मान. म्हाताऱ्याने बोट पुढे केलं, मधेच थांबवलं, खांद्यावरच्या रुमालाला ते दोनदा पुसलं आणि मागे वळून विचारलं, "मुनव्वर, बघ रे, कोरडं आहे ना?"

"आहे, अब्बा," मुनव्वर म्हणाला. "लावा."